खुंबूच्या वाटेवर

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



बाहेरच्या फळ्यावर आजच्या भाषणाचा विषय 'एव्हरेस्टवर स्वारी' असा लिहिलेला मी येताना पाहिला. आपल्या चिटणीसबाईंचा उत्साह मला ठाऊक आहे. तरी आरंभीच सांगून टाकते की, मी एव्हरेस्टवर गेलेले नाही. चढाई करणारे लोक जिथे आपले तंबू ठोकतात आणि ज्याला बेस कॅम्प म्हणतात, तिथवर मी चालत गेले आणि चालत परत आले. पण पायथा म्हटला तरी तो सतरा हजार सहाशे फुटांवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. तीन कळसूबाया एकीवर एक उभ्या केल्या तरी हा पायथा त्यांच्याहून उंचच राहील.

आम्ही नऊजणी होतो. धाकटी त्रेचाळीस वर्षांची, थोरली चौसष्टची. सहा महिने रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढ-उतार करून आम्ही पाय तयार केले. पाय तयार झाले म्हणजे सगळे झाले, असे आम्हांला निरोप देणाऱ्या पुष्कळांना वाटत होते. पाय लागतातच, परंतु त्या वाटेवर माणसे परत फिरतात ती बहुधा पायांमुळे नव्हे. कशामुळे फिरतात, ते आज थोडे विस्ताराने सांगावे असा माझा विचार आहे.

काठमांडूहून, आणि गर्दीच्या हंगामात पुष्कळदा रामेछापच्या धावपट्टीवरून, एक चिमुकले विमान आपल्याला लुक्ला नावाच्या गावी नेऊन सोडते. ही धावपट्टी १९६४ साली सर एडमंड हिलरी यांच्या खटपटीने झाली. शाळा आणि इस्पितळे यांचे सामान वर नेणे सोपे व्हावे हा हेतू. तिची लांबी अवघी ५२७ मीटर. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी, आणि मधली वाट चक्क चढाची. उतरणारे विमान त्या चढामुळेच थांबते. आमच्यापैकी सहाजणींनी डोळे मिटले होते. मी उघडे ठेवले, पण त्यात शौर्य काही नव्हते, माझ्या शेजारणीने माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसरे काही सुचत नव्हते.

लुक्ला ९,४०० फुटांवर आहे. अर्ध्या-पाऊण तासात माणूस तिथे जाऊन उभा राहतो, ही सोय तर खरीच. पण गोम इथेच आहे. पूर्वी असे नव्हते. १९५० पर्यंत नेपाळचे दरवाजे परक्यांना बहुतेक बंदच होते. त्या वर्षी एक लहानशी इंग्रज-अमेरिकन मंडळी बिहारच्या सीमेवरील जोगबनीहून निघून पायी खुंबूत गेली. तीत बेट्सी काउल्स नावाच्या एक बाई होत्या. खुंबू पाहणाऱ्या पहिल्या पाश्चात्त्य बाई त्याच. तेंगबोचेच्या मठापर्यंत त्या गेल्या होत्या. पुढे १९५३ साली तेन्झिंग आणि हिलरी ज्या मोहिमेत होते, ती काठमांडूच्या खोऱ्यातून चालत निघाली, आणि तेंगबोचेला पोहोचावयास तिला दोन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. दऱ्या उतरावयाच्या, नद्या ओलांडावयाच्या, पुन्हा चढावयाचे. त्या चालण्यातच शरीराला उंचीची ओळख होत असे. आता विमानाने ते पंधरा दिवस वाचतात, पण शरीराला ते दिवस हवेच असतात. ते वाटेत कुठे तरी त्याला द्यावेच लागतात.

लुक्ल्यापासून वाट दूधकोशी नदीच्या काठाने जाते. पाणी खरोखरच दुधासारखे पांढुरके. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे पीठ त्यात असते. वाटेत मंत्र कोरलेल्या शिळांच्या भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून जावयाचे, म्हणजे आपली प्रदक्षिणाच. हे आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही. झुलते पूल आहेत, आणि पुलावर समोरून याकांचा किंवा खेचरांचा तांडा येताना दिसला तर आपण अलीकडेच डोंगराच्या बाजूला उभे राहावयाचे. दरीच्या बाजूला उभे राहिलेल्या माणसाला जनावराच्या पाठीवरचे ओझे सहज ढकलून देते.

नामचेचा चढ मोठा. तिथे मी ओझी वाहणारी माणसे नीट पाहिली. पाठीवर 'डोको' नावाची बांबूची करंडी, तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, हातात इंग्रजी 'टी' अक्षरासारखी एक आखूड काठी. दम लागला की ती काठी करंडीखाली टेकवून उभ्या उभ्या विश्रांती घ्यावयाची. करंडी खाली ठेवली तर पुन्हा उचलणार कोण? भारात काय नसते! पत्रे, प्लायवूड, गॅसची सिलिंडरे, बटाटे, आणि तुमच्याआमच्यासाठी बाटलीतले पाणीसुद्धा. याच वाटेवरच्या हमालांचे एक शास्त्रीय मोजमाप २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या नऊ-दशांश आणि बायका दोन-तृतीयांश भार नेत असल्याचे आढळले. पन्नास किलोची बाई तेहतीस किलो घेऊन तो चढ चढते. आम्ही पाठीवर पाच-पाच किलो घेऊन दर वळणाला बसत होतो. आणि हे सगळे हमाल शेर्पा असतात हा आपल्याकडचा गैरसमज. पुष्कळसे राई, तामांग, मगर अशा खालच्या डोंगरांतल्या समाजांचे असतात. त्यांनाही उंचीची सवय आपल्यासारखीच नव्याने करावी लागते.

आमच्याबरोबर वाट दाखवावयास एक शेर्पा मुलगी होती, पंचविशी-सव्विशीची. आम्हां सगळ्यांना ती 'दिदी' म्हणे. तिचा एक शब्द मी जन्मभर विसरणार नाही: 'बिस्तारै'. म्हणजे सावकाश. कोणी जरा पाय उचलला की मागून आवाज येई, "दिदी, बिस्तारै." पहिल्या दिवशी आम्हांला राग आला. चौथ्या दिवशी आम्हीच एकमेकींना बिस्तारै म्हणू लागलो.

आता या उंचीचा प्रकार काय तो सांगते. वर गेल्याने हवेतला प्राणवायूचा वाटा कमी होत नाही. शंभरात एकवीस तो असतोच. पण हवाच विरळ होत जाते. बेस कॅम्पला हवेचा दाब आपल्या समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे एका श्वासात निम्माच प्राणवायू. याची खूण स्वयंपाकघरात लगेच दिसते. शेवटच्या मुक्कामी, गोरक्षेपला, पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते. उकळी दिसते खळखळ, पण डाळ शिजत नाही. म्हणून साध्या साध्या लॉजमध्येसुद्धा कुकर. त्या ओसाड दगडगोट्यांत कुकरची शिट्टी ऐकली तेव्हा आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आले, ते काही प्राणवायूच्या कमतरतेने नव्हे!

त्या स्वयंपाकघरांविषयी मी तासभर बोलेन, पण अध्यक्षबाई घड्याळाकडे बघताहेत. एवढेच सांगते की, पुष्कळसे लॉज बायकाच चालवतात. घरातला पुरुष मोहिमेवर किंवा वाटाड्याच्या कामावर. हिशेब, सामान, गडी, पाहुणे सगळे बाईच्या अंगावर. वर झाडे नाहीत, आणि राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे खालचे लाकूड तोडण्यास बंदी. मग सरपण काय? याकाच्या शेणाच्या गोवऱ्या! दगडी भिंतीवर थापून वाळवलेल्या, त्यांवर पाचही बोटे उमटलेली. मी एकीला म्हटले, आमच्याकडेही अशाच थापतात. ती हसली आणि माझे हात उलटसुलट करून पाहू लागली. माझ्या हातांवर तिचा विश्वास बसला नसावा.

शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, पण त्याच्या गतीने. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पंधराशे फुटांहून जास्त वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून नामचेला, ११,३०० फुटांवर, दोन रात्री. आणि तेंगबोचेच्या पुढे दिंगबोचेला, साडेचौदा हजारांवर, पुन्हा दोन रात्री. दिवसा जरा वर चढून यावे, रात्री खाली झोपावे. हे न पाळले तर डोके दुखते, अन्न नकोसे होते, झोप लागत नाही, ओकारी येते. इथवर ठीक. इथे थांबले तर बहुधा आपोआप उतरते. पण तसेच वर गेले तर मेंदूला सूज येते, किंवा फुफ्फुसांत पाणी भरते, आणि मग प्रश्न तासांचा असतो.

फुफ्फुसांच्या या विकाराला पूर्वी न्यूमोनिया समजत. तो न्यूमोनिया नव्हे, केवळ उंचीचा परिणाम आहे, हे १९६० साली डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी इंग्रजी वैद्यकीय जगापुढे मांडले. बेट्सी काउल्स ज्या मंडळीबरोबर खुंबूत गेल्या होत्या, तिच्यातलेच हे डॉक्टर. आणि या ज्ञानात आपल्या जवानांचाही वाटा आहे. १९६२ च्या चीनच्या युद्धाच्या वेळी सपाटीवरचे शिपाई एकदम हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले आणि शेकडो आजारी पडले. डॉ. इंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांचा अभ्यास करून १९६९ साली तो प्रसिद्ध केला. आजही जगभर त्याचा आधार घेतला जातो. आपल्या जिल्ह्यातल्या किती तरी घरांतले कोणी ना कोणी सैन्यात आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दिंगबोचेहून एक टेकाड ओलांडले की फेरिचे गाव आहे. तिथे १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी वाटसरूंना बसवून उंचीच्या आजाराविषयी समजावून सांगतात. विश्रांतीच्या दिवशी आम्ही ते ऐकावयास गेलो. लहानशी खोली, वीस-पंचवीस माणसे, निरनिराळ्या देशांची. डॉक्टरबाई म्हणाल्या की, इथे तीन तऱ्हेची माणसे दुखणे लपवतात. एक, ज्यांनी पुष्कळ पैसे भरलेले असतात. दुसरे हमाल, मजुरी बुडेल म्हणून. आणि तिसरी, ज्यांना आपल्यामुळे दुसऱ्यांचा खोळंबा नको असतो ती.

भगिनींनो, ही तिसरी तऱ्हा ऐकली आणि मी आमच्या ओळीकडे पाहिले. नऊच्या नऊजणी खाली मान घालून बसल्या होत्या. आपल्याकडे बायको, आई, सून यांना दुखणे असते ते सणवार झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, परीक्षा संपल्यावर. "काही नाही गं, जरा डोकं जड आहे" हे वाक्य आपण इतके म्हणतो की ते खोटे आहे हेही आपल्याला कळेनासे होते. घरी त्याचे फारसे बिघडत नाही, निदान बिघडले तरी हळूहळू बिघडते. तिथे ते एका रात्रीत बिघडते.

आमच्यातल्या एकीचे तसेच झाले. त्या आज इथेच तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. "सगळं सांग, काही गाळू नकोस," असे त्यांनीच मला बजावले आहे, म्हणून सांगते; नाव घेत नाही, ते आपणां सर्वांना ठाऊकच आहे. दिंगबोचेला पहिल्या संध्याकाळीच त्यांचे डोके दुखू लागले होते. चहा वेळेवर मिळाला नाही म्हणून दुखतेय, असे त्यांनी सांगितले. डॉक्टरबाईंच्या भाषणानंतरही त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही लोबुचेला गेलो, १६,२०० फुटांवर. वाटेत थुकल्याच्या खिंडीत एव्हरेस्टवर मरण पावलेल्यांची स्मारके आहेत, दगडांची. त्यांतली कित्येक शेर्पांची. तिथे सगळ्याच गप्प होत्या, म्हणून त्यांचे गप्प राहणे कोणाला वेगळे वाटले नाही.

संध्याकाळी शेगडीभोवती बसलो असताना आमच्या शेर्पा मुलीने पाहिले की, या बाईंना बुटाची नाडी बांधता येत नाही. दोनदा, तीनदा, चारदा. तिने काही न विचारता त्यांना उभे केले आणि जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या रेघेवरून चालावयास सांगितले. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. तिसऱ्या पावलाला त्यांचा तोल गेला. मुलगी म्हणाली, "दिदी, अब तल जाने." आता खाली जावयाचे.

मग आमच्या बाई भांडू लागल्या! एकच दिवस राहिला आहे. इतके पैसे भरले. मुलाने कचेरीत सगळ्यांना सांगून ठेवले आहे. सकाळी बघू, सकाळी बरे वाटेल. त्या मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि ऐकता ऐकता त्यांच्या पायात बूट घातले. सकाळची वाट बघावयाची नाही. प्राणवायूची नळी लावून, दोन हमाल आणि आमचा दुसरा वाटाड्या यांच्याबरोबर रात्री आठ वाजता त्यांना खाली रवाना केले. मी बरोबर येते म्हणाले. ती म्हणाली, "दिदी, अंधारात दमलेले दुसरे माणूस सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही." ते बरोबरच होते. टेकडीमागे विजेऱ्यांचे उजेड दिसेनासे होईपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो. थंडी विलक्षण होती.

लोबुचेपासून फेरिचे दोन हजार फूट खाली. या विकाराला खाली उतरण्यासारखे औषध नाही. बाकीची औषधे उतरेपर्यंत वेळ काढण्यासाठी. पाठीवर आणि खांद्यावर घेत घेत त्या हमालांनी त्यांना मध्यरात्रीपूर्वी दवाखान्यात पोहोचवले. दुसऱ्या दुपारी त्यांनी दोन वाट्या लसणाचे सूप घेतले आणि भात मागितला. सकाळपर्यंत थांबणे बरे नव्हते, एवढेच डॉक्टरबाई पुढे आम्हांला म्हणाल्या. परतल्यावर मी त्यांना विचारले, सांगितले का नाही? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "अगं, कुणाला सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही. सवयच नाही."

राहिलेल्या आम्ही आठजणी दुसऱ्या दिवशी गोरक्षेपवरून बेस कॅम्पला गेलो. त्याचे वर्णन मी थोडक्यातच करणार आहे, कारण तिथे बघण्यासारखे फार आहे असे मला वाटले नाही. बर्फावर पसरलेले करडे दगडगोटे, फडफडणाऱ्या पताका, आणि समोर खुंबूचा हिमप्रपात. एव्हरेस्टचे शिखर तिथून दिसतच नाही! ते पाहावयाचे तर शेजारच्या कालापत्थर टेकडीवर, अठरा हजारांच्या वर जावे लागते. तिथून ते पहाटे दिसले, काळे, रुंद, त्याच्या माथ्यावरून बर्फाचा धूर निघत होता. चढाईचा हंगाम एप्रिल-मेचा, आम्ही गेलो ऑक्टोबरात, म्हणून तंबू नव्हते. त्या हिमप्रपातात १८ एप्रिल २०१४ रोजी बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी माणसे मेली. दुसऱ्यांच्या चढाईसाठी सामान वर नेणारी माणसे होती ती.

बायकांची सभा आहे म्हणून दोघींची आठवण करते. १६ मे १९७५ रोजी जपानच्या जुन्को ताबेई एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पंधरा बायकांची ती मोहीम. पैशांची इतकी चणचण की, ताबेईंनी गाडीच्या आवरणाच्या कापडाचे हातमोजे घरी शिवले आणि जुन्या पडद्यांच्या विजारी. घरी तीन वर्षांची मुलगी होती. शिखर बारा दिवसांवर असताना हिमलोटाखाली त्या गाडल्या गेल्या होत्या. शेर्पांनी ओढून बाहेर काढले. आणि दुसऱ्या पासांग ल्हामु शेर्पा. शेर्पांत जन्मवारावरून नाव ठेवतात; पासांग म्हणजे शुक्रवार. चौथ्या प्रयत्नात, २२ एप्रिल १९९३ रोजी, शिखर गाठणारी ती पहिली नेपाळी स्त्री. उतरताना वादळात अडकली आणि परत आली नाही. तीन मुलांची आई. लुक्ल्याच्या वेशीवर तिच्या नावाची कमान आहे, आणि आता त्या सगळ्या भागाच्या ग्रामपालिकेलाच तिचे नाव दिले आहे. आमच्या परवान्यावर तेच नाव छापलेले होते. आमची शेर्पा मुलगी कमानीखालून जाताना क्षणभर थांबली, एवढे मी पाहिले.

आता चिठ्ठ्यांवरून आलेले प्रश्न. वयाची अट नाही, मात्र रक्तदाब आणि रक्तातले लोह तपासून घ्यावे. आपल्या पुष्कळजणींचे रक्त कमी असते आणि तिथे ते जाणवते. डायमॉक्सच्या गोळ्या घ्याव्यात का? ते आपल्या डॉक्टरांनी ठरवावे, शेजारणीने नव्हे. सहल किती दिवसांची घ्यावी? कोणी अकरा दिवसांत नेऊन आणतो म्हणेल, त्याला नमस्कार करावा. चौदा दिवस तरी हवेत, आणि विमान धुक्यात अडकेल म्हणून वर दोन. अडचणीच्या दिवसांचे काय, असे एकीने विचारले आहे. उंचीवर त्या चारी दिवसांचे वेळापत्रक बिघडू शकते, सामान जास्तच न्यावे आणि कचरा परत खाली आणावा. हमालांच्या अंगावर गरम कपडे आणि पायात बूट आहेत की नाहीत, त्यांचा विमा उतरवला आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. नेणाऱ्याला हा प्रश्न आवडत नाही. तरी विचारावा.

शेवटी, ही थाळी फिरवते आहे तिच्यात छुर्पी आहे, नामचेच्या बाजारातून आणलेली. दुधाची, वाळवून दगडासारखी केलेली. तिकडचे लोक चालताना तासभर एक तुकडा गालात धरून ठेवतात. चावू नका, चघळा. ज्यांनी दात नवे बसवले आहेत त्यांनी नुसता वास घ्यावा.